दोन चकत्यांमधलं अंतर

साताऱ्यातल्या काय किंवा सांगलीतल्या काय, कुठल्याही पेठेतल्या पिठाच्या गिरणीत थोडा वेळ उभं राहिलं की एक गोष्ट हमखास दिसते. चक्की चालू असते, गिऱ्हाईक डबा पुढे करून काहीतरी सांगत असतं, आणि गिरणीवाला ऐकता ऐकता खाली पडणाऱ्या कोमट पिठाखाली हात धरतो. चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळतो आणि चक्कीचं चाक किंचित फिरवतो. दगडांचा आवाज बदलतो. पुन्हा चिमूट, पुन्हा चोळणं, मग मान हलवून तो पुढच्या डब्याकडे वळतो. भाकरीची ज्वारी, लाडवाचं बेसन, थालिपिठाची भाजणी, लापशीचा भरडा, प्रत्येकाला दोन दगडांमधलं अंतर वेगळं लागतं आणि ते त्याच्या बोटांना पाठ असतं.

घरी कॉफी दळायचं यंत्र निवडताना हेच ज्ञान कामाला येतं. दुकानदार मोटर किती वॉटची ते सांगतो, बाहेरचं स्टील किती चकचकीत आहे ते दाखवतो, डब्यात किती बिया मावतात ते सांगतो. या सगळ्याला दुय्यम किंमत आहे. ग्राइंडरमध्ये पैसे मोजायचे ते दोन दातेरी चकत्यांमधल्या अंतरासाठी. ते अंतर ठरवलं तेवढंच राहिलं पाहिजे, चकत्यांच्या सगळ्या बाजूंनी सारखं असलं पाहिजे आणि हवं तेव्हा थोडंथोडं बदलता आलं पाहिजे. या प्रकरणात पुढे जे येतं ते सगळं या एका गोष्टीतून निघतं. कॉफीच्या बाजारात या चकत्यांना ‘बर’ म्हणतात आणि त्या असलेल्या यंत्राला बर ग्राइंडर.

मराठी घरात कॉफी बहुतेक वेळा पूड होऊनच आली. मुंबईत पेस्तनजी एडलजी दलाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कॉफी भाजून, दळून विकायचा धंदा काढला. ‘पोल्सन’ हे त्यांचं नाव पुढे लोण्यामुळे गाजलं, पण सुरुवात कॉफीची होती. आपल्याकडची जुनी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, साखर घातलेली, वर जायफळ किसलेली. तिला कुठलीही पूड चालायची, चिकोरी मिसळलेली तर अगदी सहज, कारण तिची चव दूध आणि जायफळ ठरवत. मग इन्स्टंट आली. ती म्हणजे कारखान्यात काढलेला कॉफीचा अर्क वाळवून केलेली भुकटी, तिथे दळणाचा प्रश्नच संपतो. आता मात्र चिकमगळूर, कोडगू आणि हासनच्या मळ्यांची नावं आणि भाजल्याची तारीख छापलेली अख्ख्या बियांची पाकिटं कुरिअरने वाई, कराड, मिरज, विट्यापर्यंत पोचतात. देशातल्या कॉफीपैकी सुमारे 70 टक्के कर्नाटकात पिकते, आणि ते राज्य सांगलीच्या सीमेला लागून आहे. बी दारात आली, पण घरात ती दळायला मिक्सरशिवाय काही नसतं.

मिक्सरमध्ये काय बिघडतं ते समजण्यासाठी कपात काय घडतं ते आधी पाहू. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण 28 ते 30 टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. तो सगळा उतरवायचा नसतो. अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी 1950च्या दशकात केलेल्या कामातून 18 ते 22 टक्के हा पट्टा पुढे आला आणि आजही कॉफी चाखणारे लोक तोच आधाराला घेतात. आंबूस, फळासारखे घटक लवकर उतरतात, गोडवा त्यांच्या मागून येतो, कडू आणि तुरट घटक शेवटी. 15 ग्रॅम कॉफीतून तीन ग्रॅम उतरले की कप जमला. कमी उतरलं तर कॉफी आंबट आणि पाणचट लागते, जास्त उतरलं तर कडू होते आणि जीभ कोरडी पडते.

किती उतरणार हे पाण्याचं तापमान, वेळ आणि कणांचा आकार मिळून ठरवतात, आणि त्यात आकाराचा जोर फार मोठा. एक मिलिमीटरचा कण आणि एक दशांश मिलिमीटरचा कण घ्या. तेवढ्याच वजनाला बारीक कणांचा पृष्ठभाग दहापट असतो. त्यांच्या गाभ्यातून द्रव्य बाहेर यायला लागणारा वेळ तर साधारण शंभरपटीने कमी, कारण पाझरण्याचा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिक्सरच्या भांड्यात हे दोन्ही कण शेजारी शेजारी पडलेले असतात. गरम पाणी ओतलं की बारीक धुळीतून काही क्षणांत सगळं कडूपणासकट निघून येतं आणि जाड तुकड्यांचा गाभा शेवटपर्यंत कोरडाच राहतो. म्हणून मिक्सरवर दळलेली कॉफी एकाच वेळी आंबटही लागते आणि कडूही. पुष्कळ लोक दोष बियांना देतात आणि पाकीट बदलतात. दोष दळणाचा असतो.

आपल्या तालुक्याच्या गावात दळायची निरनिराळी यंत्रं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. उन्हाळ्यात मिरची-मसाला कांडायला लोक डंकावर जातात. तिथे जड मुसळं वरून आदळतात, मिरची चेचली जाते, तेल सुटतं. कांदा-लसूण चटणीला हेच हवं, तिला कण सारखे असण्याची गरज नाही. मिक्सरचं पातं भरधाव सुटल्यावर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतं. बी पात्याच्या वाटेत आली तर फुटते, न आली तर तशीच राहते, आणि कुठली बी किती वेळा फुटेल यावर कोणाचा ताबा नसतो. घरघंटी बाहेरून चक्कीसारखी वाटली तरी बहुतेक घरघंट्यांच्या पोटात फिरणारी बोथट पाती आणि त्यांच्याभोवती जाळी असते. दाणा जाळीतून जाण्याएवढा लहान होईपर्यंत मार खात राहतो. म्हणजे कण जास्तीत जास्त केवढा असावा हे जाळी ठरवते, कमीत कमी केवढा असावा हे कोणीच ठरवत नाही. पिठाला त्याने फरक पडत नाही, कॉफीला पडतो.

दगडी चक्कीची रीत वेगळी. दाणा मधून आत शिरतो, कडेकडे अरुंद होत जाणाऱ्या फटीतून सरकतो, त्या अंतराएवढा झाला की बाहेर पडतो आणि पुन्हा दगडांखाली येत नाही. जातं हेच करत होतं. काळ्या पाषाणाच्या दोन तळ्या, मधे खुंटी, वरून मूठमूठ वैरण. दगड झिजून गुळगुळीत झाला की दाणा कापला जाण्याऐवजी चिरडला जाई, म्हणून टाकी लावणारे छिन्नी-हातोडा घेऊन दारोदार फिरत आणि दगडावर पुन्हा खाचा पाडून देत. कॉफीची चक्की याच कल्पनेची धातूतली आवृत्ती आहे. पुढे मोटारींमुळे जगाला माहीत झालेल्या फ्रान्सच्या प्यूजो घराण्याने 1840 मध्ये कॉफी दळायची हातचक्की बाजारात आणली, तेव्हा दगडाच्या जागी पोलादी दाते आले आणि खुंट्याच्या जागी वरची दांडी. बरकडे नीट पाहिलं तर आतल्या बाजूला मोठे, विरळ दात दिसतात. ते बी फोडतात. बाहेरच्या कडेला बारीक, दाट दात असतात आणि शेवटचा आकार तेच देतात.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर पांढऱ्या कागदावर दोन चिमटी टाकाव्यात, एक मिक्सरची, एक चक्कीची. कागदाला खालून टिचकी मारली की कण पसरतात. मिक्सरच्या चिमटीत बीच्या पाव तुकड्याएवढ्या कण्या दिसतात, त्यांच्याभोवती मैद्यासारखी धूळ आणि अधेमधे बीच्या पोटातल्या फिकट सालीच्या झिलप्या. बोट फिरवलं तर धूळ बोटाला तेलकट चिकटते आणि कण्या टोचतात. चांगल्या बरच्या चिमटीतही धूळ असतेच, ती पूर्णपणे टाळणारं यंत्र अजून झालेलं नाही, पण बाकीचे कण एका वळणाचे दिसतात. स्वयंपाकघरातल्या मैद्याच्या चाळणीतून दोन्ही दळणं चाळून खाली किती पडलं ते वजन काट्यावर पाहावं. जाहिरातीतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा ही परीक्षा जास्त सांगते. मित्राकडे, नातेवाइकांकडे ग्राइंडर असेल तर विकत घेण्याआधी ती जरूर करावी.

आता यंत्र हातात घेऊ. पहिली परीक्षा दांड्याची. मधला शाफ्ट धरून आडवा हलवून पाहावा. तो खेळत असेल तर चकत्यांमधलं अंतर एका बाजूला कमी आणि समोरच्या बाजूला जास्त होणार, आणि ग्राइंडर प्रत्येक फेऱ्यात दोन जातींचं दळण एकत्र करून देणार. स्वस्त हातचक्क्यांत शाफ्टला फक्त वरून आधार असतो. बारीक दळताना चकत्या जवळ असल्यामुळे त्या एकमेकींना सावरून धरतात, पण जाड दळायला अंतर वाढवलं की खालची चकती डुलायला लागते. म्हणून दुकानात यंत्र तपासायचं ते सगळ्यात जाड दळणावर लावून. चांगल्या हातचक्कीत शाफ्टला वर आणि खाली अशी दोन बेअरिंग असतात.

हे बोलणं आपल्या भागात कोणाला अवघड वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि तेव्हापासून या मुलखात लोखंड कापणाऱ्या, घासणाऱ्या, मोजणाऱ्या माणसांच्या पिढ्या झाल्या. नांगर आणि कडबा कापायचं यंत्र ही किर्लोस्करांची सुरुवातीची उत्पादनं, दोन्हींत सगळा प्रश्न धारेचा. आज कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्याला शाफ्टचा प्ले किती आहे ते हाताने कळतं आणि डायल लावून तो आकड्यात सांगता येतो. घरात किंवा शेजारी असा कोणी असेल तर ग्राइंडर घेताना त्याला बरोबर न्यावं. कॉफी न पिणारा फिटर या खरेदीत कॉफीच्या जाणकारापेक्षा जास्त उपयोगी पडतो, हे मी अगदी मनापासून सांगतो.

दुसरा प्रश्न चकत्या कशाच्या. चिनी मातीच्या बर गंजत नाहीत आणि सावकाश झिजतात, पण त्यांची धार मुळातच बोथट असते आणि बियांत खडा आला तर दात तुटतो. पोलादी बर धारदार असतात, बी चिरडण्याऐवजी कापतात, म्हणून धूळ कमी पडते आणि हातालाही कमी जोर लागतो. माझं मत स्पष्ट आहे. नुसती पाण्यातली, दूध न घातलेली कॉफी प्यायची असेल तर पोलादी बरच घ्यावी, लागलं तर बाकीच्या सोयी सोडाव्यात. खडा मात्र दोन्हींना वाईट. फळासकट उन्हात वाळवलेल्या कॉफीत क्वचित तो निघतो. तांदूळ निवडतो तशा बिया ताटात पसरून एकदा नजरेखालून घालायच्या, एवढंच. 15 ग्रॅममध्ये शंभर-सव्वाशेच बिया असतात.

शंकूच्या आकाराची बर की सपाट, यावर हौशी लोक तासन् तास बोलतात. सपाट चकत्या साधारणपणे जास्त एकसारखे कण देतात आणि कपातल्या चवी सुट्या करून दाखवतात. शंकू थोडी जास्त धूळ पाडतो, त्यामुळे कॉफीला अंग येतं. घरगुती हातचक्क्यांत जवळजवळ सगळीकडे शंकूच असतो, साधारण 38 ते 48 मिलिमीटर व्यासाचा. टाइममोरच्या सी-2 या पुष्कळ घरांत दिसणाऱ्या हातचक्कीत तो 38 मिलिमीटरचा आहे, बराट्झाच्या एन्कोर या विजेवरच्या यंत्रात 40चा. पहिला ग्राइंडर घेणाऱ्याने या वादात वेळ घालवू नये. नीट बसवलेला शंकू वाकड्या बसलेल्या सपाट चकत्यांपेक्षा केव्हाही चांगला.

तिसरा प्रश्न, अंतर बदलायची सोय. इथे आधी स्वतःला विचारायचं की घरात कॉफी होते कशात. फ्रेंच प्रेसला भरड दळण लागतं, जाड रव्याच्या पुढचं, कण एक मिलिमीटरच्या आसपास. कागदी फिल्टरला त्याहून बारीक, साधारण अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरचे. आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या 1933च्या मोका पॉटला आणि दक्षिणेकडच्या स्टीलच्या फिल्टरला बारीक रव्यासारखं. स्टीलच्या फिल्टरमध्ये दळण फार बारीक झालं तर भोकं बुजतात आणि डिकॉक्शन थेंब थेंब पडत तासभर रखडतं. या सगळ्यांसाठी टप्प्याटप्प्याने सरकणारं, प्रत्येक टप्प्याला टिक वाजणारं यंत्र पुरतं. एन्कोरमध्ये असे 40 टप्पे आहेत आणि या कामाला ते भरपूर झाले. एस्प्रेसोची गोष्ट निराळी. तिथे सुमारे नऊ बार दाबाने पाणी दाबलेल्या कॉफीतून काही सेकंदांत जातं, आणि अंतर केसाच्या जाडीच्या अंशाने बदललं तरी कप बदलतो. एस्प्रेसोचं मशीन घरात असेल तरच त्या तोडीचा ग्राइंडर घ्यावा. कधीतरी घेऊ म्हणून आजच त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

आणि ज्यांच्या घरी अजूनही दुधात उकळलेली, जायफळाची कॉफी होते त्यांना महागडं यंत्र घ्यायला सांगणं बरोबर नाही. ताजं दळल्याचा वास त्यांनाही मिळेल, कारण भाजलेल्या बीत कोंडलेली सुगंधी द्रव्यं दळल्याबरोबर उडू लागतात आणि पूड ठेवून ठेवून हा तोटा होत राहतो. तेवढ्यासाठी साधी चिनी मातीची हातचक्की पुरेशी आहे. कणांचा सारखेपणा दूध, साखर आणि जायफळापुढे जिभेला फारसा जाणवत नाही.

हाताची की विजेची, याचं उत्तर घरातल्या माणसांवर आहे. चांगल्या पोलादी हातचक्कीवर एका कपाचं दळण मिनिटाच्या आत होतं, चिनी मातीच्या चक्कीवर दोन-तीन मिनिटं लागतात. हलक्या भाजणीच्या बिया टणक असतात, त्यांना हाताचा जोर जास्त लागतो. काळपट भाजलेल्या ठिसूळ असतात, त्या सहज फुटतात. हातचक्कीत एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम मावतात, म्हणजे पाहुणे आले की तीन-चार वेळा भरावं लागणार. मनगट दुखणाऱ्या आईंना किंवा आजोबांना रोज हे करायला लावू नये, त्या घरात विजेचंच यंत्र हवं. बाकी दोघांच्या घराला मी हातचक्की सुचवतो, कारण तेवढ्याच पैशात तिच्यात बर आणि बेअरिंग चांगली मिळतात. विजेच्या यंत्रात किमतीचा मोठा भाग मोटर खाते. शिवाय वीज गेली तरी कॉफी अडत नाही आणि पहाटे घर जागं होत नाही.

विजेच्या ग्राइंडरमध्ये आणखी एक गोष्ट पाहायची, आणि ती गिरणीत जाणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ज्वारीच्या दळणावर गहू टाकून घ्यायला कोणी राजी नसतं, कारण आधीचं पीठ दगडांत आणि नळीत राहिलेलं असतं. कॉफीच्या यंत्रातही कालचे एक-दोन ग्रॅम आत अडकून राहतात आणि आजच्या कपात शिळे होऊन पडतात. 15 ग्रॅममध्ये दोन ग्रॅम शिळी कॉफी म्हणजे फार झालं. बिया मोजून टाकायच्या आणि बाहेर आलेलं दळण मोजायचं, फरक लगेच कळतो. हातचक्कीत हा फरक जवळजवळ शून्य असतो.

सांगलीत दळणाबद्दल बोलताना हळदीला वगळता येत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि इथल्या बाजारातल्या माणसाला वासावरून मालाची प्रत कळते. हळकुंड दगडासारखं टणक, ते दळताना यंत्र तापतं आणि ताप वाढला की वासाचं तेल उडून जातं. मसाले अतिथंड करून दळण्याचे प्रयोग याच कारणासाठी झाले. कॉफीबाबतही थंडीचा परिणाम तपासला गेला आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या संशोधकांच्या 2016च्या अभ्यासात बिया जितक्या थंड तितके दळणाचे कण बारीक आणि एकसारखे निघाले. कॅफेत दिवसभर फिरणाऱ्या यंत्राला याचं महत्त्व आहे. घरच्या एका कपाच्या दळणात चकत्या तापायला वेळच मिळत नाही, तेव्हा ‘कमी उष्णता’ या जाहिरातीसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

हवेचा परिणाम मात्र घरातही होतो, आणि सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत हवा टोकाची बदलते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माण, आटपाडी, जतकडे तो पाचशेच्या आसपास असतो. कोरड्या हवेत, विशेषतः हिवाळ्यात, दळताना घर्षणाने कणांवर विद्युतभार येतो. मग साल आणि धूळ भांड्याच्या कडांना चिकटते, झाकण उघडताच बाहेर उडते. यावर जुना उपाय आहे. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून चमच्याने ढवळायचं. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये यामागचं शास्त्र प्रसिद्ध केलं. त्या चमूत ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणारे जोशुआ मेंडेझ हार्परही होते. पाण्यामुळे भार कमी साठतो, कण एकमेकांना कमी चिकटतात आणि एस्प्रेसोत अर्कही जास्त उतरतो, असं त्यांना दिसलं. जत-आटपाडीकडच्या माणसाने हा थेंब विसरू नये. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात उलट काळजी घ्यायची. भाजलेल्या बिया हवेतली ओल ओढून मऊ पडतात आणि त्याच टप्प्यावरचं दळण बदलतं, म्हणून घट्ट झाकणाचा डबा आणि थोड्या बिया, लवकर संपतील एवढ्याच.

उंचीचाही थोडा हिशेब आहे. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर, तिथे पाणी साडेपंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. सांगलीत ते अठ्ठ्याण्णवच्या पुढे जातं. गडद भाजणीला हा फरक सोसतो. हलक्या भाजणीची कॉफी वर डोंगरावर आंबट लागू लागली तर दळण एक-दोन टप्पे बारीक करून पाहावं. बी बदलली की टप्पा बदलणारच आहे. पश्चिम किनाऱ्यावर मोसमी वाऱ्यात ठेवून फुगवलेली ‘मान्सून्ड मलबार’ कॉफी ठिसूळ आणि पोकळ असते. तिचा आकडा नेहमीच्या अरेबिकाला लावला तर चव जमणार नाही. पाकिटावरच पेन्सिलीने टप्प्याचा आकडा लिहून ठेवावा. हातचक्कीत शून्य म्हणजे चकत्या एकमेकींना टेकून दांडी अडते ती जागा, तिथून टिक मोजत यायचं. आंबट लागलं तर एक टिक आत, कडू लागलं तर एक टिक बाहेर, आणि एका वेळी एवढंच बदलायचं. पाणी, वजन, वेळ तीच ठेवायची.

यंत्राची निगा थोडीच आहे, पण नेमकी आहे. महिन्यातून एकदा बर सोडवून कोरड्या ब्रशने झाडावी. पोलादी चकत्या पाण्याने धुऊ नयेत, गंज धारेवरच आधी बसतो. कच्चे तांदूळ दळून यंत्र साफ करायची युक्ती घरोघरी सुचते. ती करू नये, तांदळाचा दाणा कॉफीच्या बीपेक्षा कितीतरी कठीण आणि दात व मोटर दोन्हींवर ताण आणणारा. मिरी, वेलदोडा, सुंठ यांना त्या चक्कीत जागा नाही, त्यांचं तेल महिनोन्‌महिने जात नाही. चिकोरी आवडत असेल तर तिची पूड दळणानंतर चमच्याने मिसळावी, ती ओल धरते आणि दातांत चिकटून बसते.

रोज वीस ग्रॅम दळले तरी वर्षाला सात किलोच होतात. चांगली पोलादी बर अशी कित्येक वर्षं सहज काढते. तिच्या आधी जातं ते बेअरिंग, दांडीचं टोक किंवा टप्पे धरून ठेवणारी स्प्रिंग. म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला एकच विचारावं, हे तीन भाग सुटे मिळतात का आणि कुठून. मिळत नसतील तर त्याच किमतीतलं दुसरं यंत्र पाहावं.